विम्याचा कागद

मराठीत धाडसावर जितके लिहिले गेले आहे, तितके भीतीवर लिहिले गेलेले नाही. थोरांची चरित्रे, शाळेच्या बक्षीस-समारंभात वाटली जाणारी लहान लहान पुस्तके, आणि अलीकडे बसस्थानकावर मासिकांच्या शेजारी रचून ठेवलेल्या यशाच्या पोथ्या, ही सारी चाळून पाहिली तर त्यांतला नायक पहिल्या पानापासूनच शूर असतो. अपयश त्याच्या वाट्याला येत नाही असे नव्हे; पण ते येते तेच मुळी शेवटच्या प्रकरणातल्या यशाची गोडी वाढावी म्हणून, पुरणपोळीच्या पानात कटाची आमटी असावी तसे. वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते की हा गृहस्थ पुढे मोठा होणार आहे. तेव्हा तो कर्ज काढो, नोकरी सोडो, की जातीबाहेर जावो, आपल्या छातीत धस्स म्हणून होत नाही. हे वाङ्मय वाचून कोणाची भीती गेली असेल असे मला वाटत नाही. उलट, मनात भीती असलेला वाचक असे पुस्तक मिटून ठेवतो तो एवढेच समजून, की ही माणसे निराळ्या मातीची होती आणि आपण त्यांतले नव्हेत.

अपयशाची भीती आणि भित्रेपणा यांत आपण फार गल्लत करतो. भित्रा माणूस अंधाराला भितो, सापाला भितो, साहेबाला भितो. अपयशाला भिणारा माणूस बहुधा हिशेब करीत असतो. हातचे गेले तर किती जाईल, ते परत येईल का, आणि मुख्य म्हणजे ते एकट्याचे आहे की आणखी कोणाचे, असा तो हिशेब असतो. मुलगी लागलेली नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय काढते म्हणाली म्हणजे बापाचा चेहरा उतरतो. तो काही तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. घराचा हप्ता, आजीचे औषध, धाकट्याची फी ही सारी त्याच्या डोळ्यांपुढून झरझर जातात. 'स्वतःवर विश्वास ठेवा' असे सांगणारी पुस्तके या हप्त्याविषयी काहीच बोलत नाहीत. म्हणून या विषयावरच्या कोणत्याही पुस्तकाला किंवा चित्रपटाला मी दोन साधे प्रश्न विचारतो. निकाल लागण्याच्या आधीची रात्र यात आहे का? आणि पणाला लावलेली वस्तू कोणाची होती, हे यात सांगितले आहे का? या दोन प्रश्नांवर भली भली पुस्तके अडखळतात.

माझा हा आग्रह थोडासा माझ्या गावातूनही आलेला असेल. चितेगाव हे पैठण तालुक्यातले गाव, छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडाशी. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या या रस्त्याने जातात. पण हा चौदावा दगड देशभर छापला गेला तो निराळ्या कारणाने. व्हिडिओकॉन कंपनीच्या नोंदलेल्या कार्यालयाचा पत्ताच तो होता. ऐंशीच्या दशकात घरोघरी रंगीत दूरदर्शन संच येऊ लागले, आणि त्या लाटेवर स्वार झालेल्या कंपन्यांत मराठवाड्यातल्या एका खेड्याचे नाव लागले. मराठवाडा म्हणजे मागासलेला मुलूख, इथे कोण कारखाना काढणार, असे म्हणण्याचे ते दिवस. तेव्हा उद्योगावर बोलणाऱ्या वक्त्याला याहून सोयीचे उदाहरण कोणते मिळणार? पुढे कंपनी तेलाच्या व्यवसायात गेली, मोबाइल दूरध्वनीच्या व्यवसायात गेली, कर्जाचा बोजा वाढत गेला, आणि जून २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात तिची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्या व्यवहारांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे, समीक्षकाचे नव्हे. मला त्यात जे दिसते ते वाङ्मयाच्या बाजूचे आहे. यशाची गोष्ट सांगणाऱ्यांच्या तोंडून हे उदाहरण हळूच गळून पडले. खेड्यात कारखाना उभा करण्याचे पहिले धाडस जे होते ते तर बदललेले नाही. ते झाले त्या दिवशी जेवढे होते तेवढेच आजही आहे. पण निकाल बदलला, आणि निकालावरून मागे लिहीत येणाऱ्यांना मग ते धाडस दिसेनासे झाले.

दुसरी एक गोष्ट तर त्यांना कधी दिसलीच नव्हती. कारखान्याच्या भरवशावर गावात ज्यांनी कर्ज काढून भाड्याच्या खोल्या बांधल्या, खानावळ घातली, पंक्चरचे दुकान टाकले, त्यांनीही काही पणाला लावलेच होते. त्यांचे नाव चढत्या काळातल्या पुस्तकांत नव्हते, उतरत्या काळातल्या बातम्यांतही नाही.

आणि शेतकऱ्याचे काय? अपयशानंतर पुन्हा उभे राहणे, याला आमच्या भागात एक रोकडा शब्द आहे: दुबार पेरणी. मृगाचा पाऊस पडला म्हणून तिफण चालवावी, मग पंधरा-वीस दिवस आभाळाने तोंड फिरवावे, वर आलेले कोंब करपावेत. पुन्हा बियाणे, पुन्हा उसनवारी, पुन्हा तिफण. २०१२-१३च्या दुष्काळात इकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. बाग उभी करायला लागलेली कित्येक वर्षे एका उन्हाळ्यात गेली. त्यानंतर ज्यांनी पुन्हा खड्डे घेऊन कलमे लावली, त्यांना कोणी व्याख्यानाला बोलावले नाही. त्यांनाही आपण काही विशेष केले असे वाटत नाही. दुबार पेरणी हा शब्द उच्चारताना माणसाच्या आवाजात अभिमान नसतो, थोडी चिडच असते. यशाच्या पोथ्यांतली 'जिद्द' त्या शब्दापुढे मला नेहमी इस्त्री केलेली वाटते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे आपल्या जुन्या वाङ्मयातले एक पुस्तक माझ्या नजरेत एकदम वर येते. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त'. १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. हे साल महत्त्वाचे आहे. आज आपण कर्व्यांना ओळखतो ते महिला विद्यापीठाचे संस्थापक, भारतरत्न, शंभरी ओलांडलेले महर्षी म्हणून. यांतले काहीच १९१५ साली झालेले नव्हते. विद्यापीठ निघाले १९१६ मध्ये, विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली १९२० मध्ये, भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, आणि १९६२ पर्यंत ते जगले. हे पुस्तक लिहिणारा मनुष्य सत्तावन वर्षांचा एक गणिताचा प्राध्यापक आहे. त्याने एक आश्रम चालवला आहे, आणि पुढे काय होणार हे त्याला कळलेले नाही. म्हणजे आत्मवृत्त हे शिखरावर बसून लिहिलेले पुस्तक नव्हे. घाटातल्या एका वळणावर थोडे टेकून लिहिलेले आहे. नंतरच्या चरित्रकारांना ही सोय मिळाली नाही, आणि त्यांच्या लिखाणात ते जाणवते.

सातारच्या परीक्षेची हकिकत मराठी माणसाला पाठ असते. १८७५ साल, कोकणातले मुरूड, सहावीची सरकारी परीक्षा, आणि ती द्यायला पावसाळी दिवसांत कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैलांची पायपीट. तिथे पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. दाखला असूनही त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तो ती परीक्षा उतरला. शाळेत ही गोष्ट आम्हांला चिकाटीचे उदाहरण म्हणून शिकवली गेली, आणि शिकवताना सगळा जोर 'पुढच्या वर्षी' या दोन शब्दांवर पडत असे. मूळ पुस्तकाचा तोल निराळा आहे. कर्व्यांचा स्वर हिशेबनिसाचा आहे. वाट किती, साल कोणते, काय ठरले आणि काय झाले, एवढे ते सरळ सांगतात. कोणावर रागावत नाहीत, आणि स्वतःला शाबासकीही देत नाहीत. घाट चढण्यापेक्षा परत येणे कठीण होते, हे वाचकाला आपोआप समजते, कारण पुस्तकात त्या परतीच्या वाटेवर पुढचे कोल्हापूर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. कर्वे स्वभावाने अतिशय भिडस्त होते; चारचौघांत उठून बोलणे त्यांना जड जाई. हे त्यांनी लपवलेले नाही. अशा मनुष्याने पुढे दारोदार वर्गणी मागितली, सभेत उभे राहून विधवांची बाजू मांडली. ज्याला बोलायची भीती वाटते त्याने बोलणे, याचे मोल वक्त्याच्या वक्तृत्वाहून मला अधिक वाटते. आणि हे मोल आपल्याला कळते ते केवळ त्यांनी भीतीची नोंद ठेवली म्हणून. एखाद्या गौरवग्रंथाने प्रथम कोणती गोष्ट गाळली असती तर हीच.

मात्र माझा दुसरा प्रश्न 'आत्मवृत्ता'ला विचारला म्हणजे थोडी अडचण होते. पणाला लावले ते कोणाचे?

१८९१ मध्ये कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. त्या सदनातल्या त्या पहिल्याच विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर मुरूडकरांनी बहिष्कार घातला. घरच्यांनी या जोडप्याला थारा दिला तर त्यांच्यावरही बहिष्कार, असा धाक होता. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला, आणि फर्ग्युसन कॉलेजातले तास संपवून हा प्राध्यापक रोज चिखल तुडवीत तिकडे जाऊ लागला. शिल्लक टाकलेला पैसा आश्रमाला गेला. आणि एक दिवस आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली.

हा विम्याचा कागद मला फार बोलका वाटतो. घरातल्या सगळ्या वस्तूंत तोच एक असा, की जो निव्वळ भीतीपोटी विकत घेतलेला असतो. आपण उद्या नसलो तर मागच्यांचे काय, या प्रश्नाचे ते छापील उत्तर. नोकरदार मनुष्य दर हप्त्याला थोडी थोडी भीती त्यात भरतो, आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून निर्धास्त झोपतो. तो कागद देऊन टाकणे म्हणजे आपली भीती टाकणे खरे. पण त्या कागदावर हक्क ज्यांचा असतो त्यांची भीती त्याच क्षणी सुरू होते.

ती दुसरी बाजू लिहिलेली आहे, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, ज्यांना सारे बाया म्हणत, त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. बाया बोलतात तसे लिहितात. कोकणातल्या घरात परसदारी बसून, हाताने काही निवडीत, एखादी वडील बाई मागचे सांगत असावी असा त्या पुस्तकाचा थाट आहे. त्यात अण्णांविषयी आदर आहे, पण आरती नाही. अण्णांनी आश्रमाला काय दिले हे जगाने पाहिले. ते कोणाच्या ताटातून गेले हे बायांनी सांगितले. मुले लहान, मिळकत ठरलेली, त्यातून संस्थेसाठी काढलेला पैसा, आणि वर विमाही संस्थेला, यावर त्यांचा संताप झालेला आहे, भांडणे झालेली आहेत, आणि म्हातारपणी लिहितानाही त्यांनी तो संताप गोड करून घेतलेला नाही. याच बाया आश्रमासाठी लोकांच्या दारी वर्गणी मागत फिरल्या, हेही त्याच पुस्तकात आहे. कोणी याला विसंगती म्हणेल. मला तर यात घर दिसते. भांडून झाल्यावर पदर खोचून त्याच कामाला लागणारे घर.

१८९३ च्या त्या लग्नात कर्व्यांनी काय पणाला लावले ते सगळे चरित्रकार सांगतात. पुरुषाच्या हाती निदान प्राध्यापकाची नोकरी होती. जे लग्न फसले असते तर ज्या बाईला माहेर, सासर आणि सदन या तिन्ही ठिकाणची दारे अवघड झाली असती, तिने किती लावले होते, हे 'आत्मवृत्ता'च्या हिशेबात पुरते येत नाही. यात कर्व्यांना मी दोष देत नाही. प्रत्येक माणूस आपल्याच वहीत जमाखर्च लिहितो. पण दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय त्या घराने केलेले धाडस केवढे होते, हे कळत नाही. आपल्याकडे 'आत्मवृत्ता'वर पुष्कळ लिहिले गेले. 'माझे पुराण'चे कौतुक झाले ते बहुधा त्याच्या भाषेचे, साधेपणाचे. ते पुस्तक म्हणजे पहिल्या पुस्तकावरचे सर्वांत कडक आणि सर्वांत प्रेमळ परीक्षण आहे, असे कोणी स्वच्छ म्हटलेले माझ्या वाचनात नाही. मी म्हणतो.

असाच दुसरा एक विम्याचा कागद मराठी माणसाच्या इतिहासात आहे, आणि तो आपण पडद्यावर पाहिला आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१० साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तेव्हा ते चाळिशीत होते. छपाईचा धंदा सुटलेला, हातात काही नाही, आणि डोक्यात हे वेड. रात्रंदिवस प्रयोग करून डोळे अधू झाले ते उपचारांनी सुधारले. विलायतेला जायला पैसा हवा म्हणून विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, ती धुणे, आणि दिवसा कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक, ही कामे सरस्वतीबाईंची.

परेश मोकाशी यांनी या कथेवर २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला. तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला, हे वाचकांना आठवत असेलच. चित्रपट सुंदर आहे. नंदू माधव यांचे फाळके बागडतात. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई रडत नाहीत, हसतात, विचारतात, हाताला हात लावतात. त्यागमूर्ती म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. घरातले सामान बाहेर जाते तेव्हाही चित्रपटगृहात हशा असतो. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून पाहावा असा हा चित्रपट आहे, आणि आमच्या घरी तो तसा पाहिलाही गेला.

पण दुसऱ्यांदा पाहताना मला एक चुटपूट लागली. त्या घरात कोणालाच भीती वाटत नाही. फाळके नाचत जातात आणि सारे घर त्यांच्यामागे. प्रेक्षक निर्धास्त असतो, कारण पडद्यावर जे चालले आहे त्याचाच परिणाम म्हणून तो त्या चित्रपटगृहात बसलेला आहे. निकाल त्याच्या खुर्चीखालीच असतो! दिग्दर्शकाने विनोदाची वाट धरली ती योग्यच. रडव्या चरित्रपटांनी आपल्याला पुरे पिडले आहे. परंतु विनोदालाही भीती वर्ज्य नाही. उलट, घरात पैसा नसताना नवरा-बायको जे हसतात त्या हसण्याच्या तळाशी भीती असते म्हणूनच त्याला चव असते. तशी एक रात्र, एकच, मला या चित्रपटात हवी होती. मुले झोपलेली, दिवा बारीक केलेला, आणि सरस्वतीबाई मनाशी आकडे जुळवताहेत. मग सकाळी त्यांनी दागिना काढून दिला असता तर आपण हसलो नसतो, पण त्यांची उंची आपल्याला दिसली असती.

शिवाय चित्रपट थांबतो तो यशापाशी. फाळक्यांचे आयुष्य तिथे थांबले नाही. १९१८ साली निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटले नाही; ते बाहेर पडले, काशीला गेले, 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले ते चालले नाही. बोलपट १९३१ मध्ये आला, आणि त्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट १९३२ चा. १९३७ मध्ये 'गंगावतरण' काढून ते थांबले, आणि १९४४ साली नाशिकला वारले तेव्हा हातात फारसे काही उरले नव्हते. त्यांच्या नावाचा पुरस्कार निघाला १९६९ मध्ये. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी लावलेला डाव जिंकला आणि नंतरचे डाव हरले. पण डाव लावणारा मनुष्य तोच होता, त्याचे धाडसही तेच. नंतरच्या फाळक्यांवर कोणी चित्रपट काढील तर तो पाहायला मी पहिल्या रांगेत जाऊन बसेन. चितेगावकराला तो अधिक कळेल अशी माझी समजूत आहे.

फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात आपल्या धंद्याची हकिकत लिहिली. सरस्वतीबाईंनी 'माझे पुराण' लिहिले असते तर! मराठी वाङ्मयात न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तर मी हे नाव पहिल्या पाचांत घालीन.

ज्याचा निकाल डाव लावणाऱ्याच्या हयातीत लागलाच नाही, असेही एक उदाहरण कर्व्यांच्याच घरात आहे. राधाबाईंचे चिरंजीव रघुनाथराव. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तरीही निकाल विरुद्ध गेला. वडिलांना देशाने भारतरत्न दिले, मुलाला दंड. आज त्यांचे म्हणणे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेले असते. त्यांच्यावर अमोल पालेकरांनी २००१ साली 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, आणि आमच्या संभाजीनगरचे नाटककार अजित दळवी यांनी 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले. ते अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणले. कोर्टाचे नाटक पाहताना प्रेक्षक सहसा 'सुटतो की नाही' याची वाट पाहतो. इथे सुटत नाही हे आधीच ठाऊक असते, आणि तरी आपण खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. निकाल ठाऊक असूनही भीती जिवंत ठेवता येते, याचा हा पुरावा आहे. तेव्हा चरित्रपटाला दुसरा इलाजच नसतो, ही सबब चालणार नाही. 'ध्यासपर्व'मध्ये सीमा बिश्वास यांनी उभ्या केलेल्या मालतीबाई पाहाव्यात. नवऱ्याच्या ध्यासाचा अर्धा खर्च या बाईने सोसला आहे, हे तिथे दिसते.

असे चित्रपट, अशी पुस्तके थोडी आहेत. शाळांना, वाचनालयांना धाडसाची पुस्तके मुलांपुढे ठेवायची असतात. ती अवश्य ठेवावीत. फक्त 'आत्मवृत्ता'च्या शेजारी 'माझे पुराण' ठेवावे, आणि मुलांबरोबर मुलींच्या, आणि त्यांच्या आयांच्याही हाती पडू द्यावे. खरे म्हणजे ही दोन पुस्तके एकाच पुठ्ठ्यात बांधून मिळाली तर बरे, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. माझ्याजवळच्या दोन्ही प्रती मी शहरातल्या एका बाइंडरकडे घेऊन गेलो. आकार जुळत नाहीत, मोठ्याची कड कापावी लागेल आणि मजकूर जाईल, असे तो म्हणाला. म्हणून तूर्त त्या सुती दोऱ्याने एकत्र बांधून फळीवर ठेवल्या आहेत.